टेनिसचा सराव: बास्केटमधले चेंडू की जोडीदाराबरोबर रॅली?

कोर्टवर आठवड्याला मोजकेच तास मिळत असतील, तर ते कशात घालवायचे? कोचने बास्केटमधून चेंडू देत राहायचे आणि आपण तोच फोरहँड घोटायचा, की जोडीदार घेऊन रॅली करत, म्हणजे चेंडू सलग एकमेकांकडे परतवत, खेळत खेळत शिकायचं?

ग्रिप, म्हणजे रॅकेट धरायची पद्धत, बदलत असाल, समजा कॉन्टिनेंटल ग्रिपवरून सेमी-वेस्टर्नवर येत असाल, तर बेलाशक बास्केट घ्या. चेंडू ठरल्या जागी, ठरल्या उंचीवर येतो, त्यामुळे सगळं लक्ष हातावर ठेवता येतं. रॅलीत चेंडू कसाही पलीकडे जावा म्हणून हात जुन्या सवयीवर जातो.

पण बास्केटवर बसलेला फटका मॅचमध्येही बसेल, असं धरून चालू नका. हाताने टाकलेला चेंडू कमरेपाशी, फारशी फिरकी न घेता येतो आणि त्याआधीच तुमची रॅकेट मागे गेलेली असते. मॅचमध्ये समोरचा चेंडू मारणार तेवढ्यात स्प्लिट स्टेप (दोन्ही पायांवर छोटी उडी) घ्यायची, दिशा ओळखायची, पावलं टाकायची आणि मग फटका. त्यात टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली फिरकी, असेल तर चेंडू खांद्यापर्यंत उसळतो. चेंडू ओळखणं हा निम्मा खेळ आहे आणि एकसुरी बास्केट तो शिकवत नाही.

गुड आणि मॅगिल या संशोधकांनी १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिसवर केलेला प्रयोग इथे फार उपयोगी आहे. तिन्ही सर्व्हिस मिसळून सराव केलेल्या खेळाडूंची कामगिरी नंतरच्या चाचणीत एकेक सर्व्हिस सलग घोटणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. म्हणून मिसळलेल्या सरावात अडखळायला झालं, तरी तो सोडू नका. जोडीदार नसेल तर कोचला सांगा: एक चेंडू खोल, एक आखूड, एक बॅकहँडला, क्रम न सांगता.

सर्व्हिसचं गणित वेगळं. तो एकच फटका पूर्ण आपल्या हातात असतो, तेव्हा बास्केट घेऊन एकट्याने खुशाल मारा. फक्त प्रत्येक वेळी निशाणा बदला.

दहा वर्षांखालच्या मुलांसाठी मी रॅलीच निवडेन. लहान मुलांसाठीचा लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो, त्यामुळे छोट्या कोर्टवर मुलं लवकर रॅली करू लागतात.

कोच ठरवण्याआधी त्यांचा एक वर्ग बाहेर बसून पाहा. मुलं खेळण्यापेक्षा रांगेतच जास्त उभी असतील, तर दुसरीकडे चौकशी करा.