एलएस-डायना आणि फायबर काँक्रीट: नुसती दाबताकद भरून भागत नाही

साध्या काँक्रीटवरच्या आघातासाठी एलएस-डायनाची, म्हणजे आघात संगणकावर घडवून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरची, सोय खरंच मोठी आहे. मटेरियल मॉडेल (पदार्थ कसा वागतो याचं गणित) ७२आर३, म्हणजे के अँड सी, याला दाबताकद उणे चिन्हाने द्यायची, बाकी आकडे ते स्वतः काढतं. मिमी आणि एमपीए (मेगापास्कल) वापरत असाल तर एककं बदलण्यासाठी लांबीचा गुणक ०.०३९३७ आणि ताणाचा १४५ भरा. यात चूक झाली की पुढचं सगळं वाया.

अडचण येते ती स्टील फायबरवाल्या १५० एमपीएच्या काँक्रीटला. आपोआप निघालेल्या आकड्यांना फायबर ठाऊकच नसतात. आकारमानाच्या २ टक्के फायबर म्हणजे घनमीटरला सुमारे १५७ किलो स्टील. १३ मिमीचे हे तंतू भेग पडल्यावरही उपसून निघेपर्यंत ताण धरून ठेवतात. साध्या काँक्रीटची भंगऊर्जा, म्हणजे भेग पूर्ण उघडायला लागणारी ऊर्जा, चौरस मीटरला शंभर-दीडशे जूलच्या घरात असते, या मिश्रणाची दहा हजारांच्याही पुढे जाऊ शकते. त्यामुळे प्रयोगात वाकून टिकलेला बीम संगणकावर सरळ दुभंगतो. सॉफ्टवेअर मात्र त्याबद्दल एक इशाराही देत नाही. ही त्याची सर्वांत मोठी उणीव.

उपाय आहे, पण कष्टाचा. खाच असलेल्या बीमची तीन-बिंदू वाकण-चाचणी घ्या (१५० मिमी बीम, ५०० मिमी गाळा, २५ मिमी खाच) आणि तिचा भार-भेगरुंदी आलेख जुळेपर्यंत के अँड सीमधला बी२, म्हणजे ताणात काँक्रीट किती झपाट्याने मऊ होतं ते ठरवणारा आकडा, खाली आणा. मूळ मूल्य १.३५ असतं, फायबरसाठी ते ऋणही करावं लागतं. एलिमेंटचा, म्हणजे बीम ज्या छोट्या ठोकळ्यांत विभागला जातो त्यांचा, आकार बदलला की जुळवणी पुन्हा करा. मॉडेल १५९, सीएससीएम, यात भंगऊर्जा थेट भरता येते आणि ते एलिमेंटचा आकार हिशेबात घेतं, म्हणून जुळवणी सोपी जाते. पण त्याचे तयार आकडे ५८ एमपीएपर्यंतच्या काँक्रीटसाठी बसवलेले आहेत, आणि भेग पडल्यावर ताकद वाढत जाणारं मिश्रण त्याला नीट जमत नाही. ताणात मऊ होत जाणाऱ्या मिश्रणाला सीएससीएम, बाकीच्यांना के अँड सी, अशी निवड योग्य.

स्ट्रेन रेटचा वक्र, म्हणजे भाराच्या वेगाबरोबर ताकद किती वाढते त्याचा आलेख, उसना घेऊ नका. ताकद जितकी जास्त, तितकी वेगाने होणारी वाढ कमी. ३० एमपीएचा वक्र लावलात तर बीम उगाच बळकट दिसेल. दाबात वेग फार वाढला की आडव्या जडत्वाचा वाटा सॉलिड एलिमेंट स्वतःच दाखवतात, तोच वक्रात पुन्हा धरला तर दुहेरी मोजणी होते.

एलिमेंट गळवण्याची मर्यादा, म्हणजे किती नुकसानीनंतर ते मॉडेलमधून काढून टाकायचं ती, अखेरीस लावा. ती आधीच लावली की भेगा आपल्याला हव्या तशा पडतात, काँक्रीटच्या म्हणून नाही. आवरग्लास ऊर्जा (एलिमेंटच्या खोट्या, वेड्यावाकड्या हालचाली रोखण्यात जाणारी) अंतर्गत ऊर्जेच्या ५ टक्क्यांखाली ठेवा. आणि ड्रॉप-वेट (वरून वजन टाकण्याच्या) चाचणीशी ताडताना हातोड्याच्या बलाचा पहिला सुळका पाहू नका, तो बहुतांशी बीमच्या जडत्वाचा असतो. आधारांवरची प्रतिक्रिया आणि मध्यभागाचा झोल, दोन्ही जुळले तरच मॉडेल बसलं.