वजन शंभर किलोच्या पुढे असेल तर स्की टूरिंगला कोणता संच: अगदी हलका की मधला?

माझं वजन 102 किलो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला राहायला आल्यावर टूरिंगची, म्हणजे स्कीवरूनच डोंगर चढून मग घसरत उतरण्याची, गोडी लागली आणि पहिला संच घेतला तो अगदी हलका. इथे चढताना जो तो हलक्या स्कीवरच दिसतो, म्हणून. दोन हिवाळे तो वापरला, मग विकला. आता मधल्या वजनाच्या संचावर तिसरा हिवाळा चालू आहे. माझ्याच अंगकाठीचा एक मित्र नुकताच पुण्याहून इकडे आलाय आणि सध्या याच निवडीत अडकलाय. त्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितो.

स्की, बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) आणि बूट मिळून माझ्या दोन संचांत एका पायामागे साधारण 800 ग्रॅमचा फरक आहे. इथल्या प्राक्समार गावाहून लाम्प्सनस्पिट्झ शिखर हा माझा नेहमीचा चढ, जवळपास 1,200 मीटरचा. हलक्या संचावर मी वर दहा-पंधरा मिनिटं आधी पोचायचो आणि शेवटच्या टप्प्यात मांड्या कमी भरून यायच्या. हे मान्यच करायला हवं. पण साठ किलोच्या माणसाला 800 ग्रॅम जितके जाणवतात, तितके आपल्याला जाणवत नाहीत. शिवाय चढताना पाय उचलायचा नसतो, सरकवायचा असतो. किक टर्न घेताना, म्हणजे तीव्र चढावर एकेक स्की उचलून उलट दिशेला वळवताना, मात्र जड आणि लांब स्की नक्की जाणवते.

उतरताना पारडं फिरतं. मऊ, ताज्या बर्फात हलकी स्कीही छान चालते. पण वाऱ्याने घट्ट केलेल्या बर्फावर किंवा सकाळच्या गोठलेल्या उतारावर ती माझ्या वजनाखाली थरथरायची, कडा धरता धरता सुटायची. हलक्या बुटाचंही तेच. नडगीने पुढे रेटलं की बूट एकदम वाकायचा, आणि मग वळण पुरं करायला सगळा भार मांड्यांवर. 176 सेंटिमीटरची स्की सोडून 184 ची, कमरेला (मधल्या अरुंद भागात) 95 मिलिमीटर रुंद अशी घेतली तेव्हा फरक पहिल्याच वळणाला कळला. माझ्यापेक्षा सफाईने स्की करणाऱ्याला कदाचित हलकीवरही जमेल.

तरी या कशामुळेही मी संच बदलला नसता. बदलला तो बाइंडिंगच्या टाचेमुळे.

पिन बाइंडिंगची, म्हणजे बूट पिनांनी धरणाऱ्या बाइंडिंगची, कल्पना इथल्याच, ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेलची, 1980 च्या दशकातली. माझं पहिलं बाइंडिंग त्याच जुन्या घराण्यातलं होतं: टाचेचा बुरूज (बाइंडिंगचा मागचा भाग) फिरवायचा, की तो कधी चालण्याच्या स्थितीत (टाच मोकळी) येतो, कधी उतरण्याच्या (टाच पक्की). तीव्र चढावर टाचेला आधार देणारी टाचेखालची उंचीही त्याच फिरवण्यातून मिळते. सपाट चढावर काही त्रास नाही. पण आडव्या, कडक उतारावर प्रत्येक पावलाला माझा सगळा भार त्या उंच पट्टीवर तिरका पडायचा आणि बुरूज कणाकणाने फिरत जायचा. मग कधीतरी ‘टक्’ असा आवाज यायचा, टाच खाली बसायची आणि दोन पिना बुटात शिरायच्या. म्हणजे चढाच्या मधोमध एक पाय उतरण्याच्या स्थितीत अडकलेला. खाली गोठलेला उतार, अशा जागी वाकायचं, स्की काढायची, खाचांतला बर्फ काठीच्या टोकाने खरवडायचा, बुरूज मागे फिरवायचा आणि परत स्की चढवायची. एका मार्चमधल्या सकाळी हे चार वेळा झालं. चौथ्या वेळी काढलेली स्की हातातून निसटता निसटता राहिली. त्या दिवशी ठरवलं.

बरोबरच्या सत्तर किलोच्या मैत्रिणीचं बाइंडिंग अगदी तेच होतं आणि तिला हा त्रास एकदाही झाला नाही. त्यामुळे वस्तू वाईट असं मी म्हणणार नाही. ती माझ्या वजनाला नव्हती, एवढंच. आताच्या बाइंडिंगमध्ये बुरूज जागेवरच राहतो आणि उंचीसाठी वेगळी पट्टी काठीने खाली पाडायची असते. प्रत्येकी शंभर-सव्वाशे ग्रॅम जास्त, पण गेल्या दोन हिवाळ्यांत टाच एकदाही आपोआप बसलेली नाही.

आणखी दोन गोष्टी जड माणसाने बघाव्यात. पडल्यावर बूट किती जोराला बाइंडिंगमधून सुटावा, त्या आकड्याच्या तक्त्यात वजनाची शेवटची ओळ ‘95 किलो आणि पुढे’ अशी असते. काही अतिहलक्या बाइंडिंगमध्ये तो आकडा बदलताच येत नाही. तो आपल्याला पुरतो का, हे आधी विचारा. दुसरं, बारीक लाकडी गाभ्याच्या हलक्या स्कीत स्क्रू धरायला कमी जागा असते. बाइंडिंगखाली मजबुतीचा थर आहे का, याची खात्री करून घ्या.

स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू नये म्हणून स्कीखाली चिकटवायचे पट्टे, मी मोहेर (अंगोरा बकरीची लोकर) आणि नायलॉनच्या मिश्रणाचे वापरतो. आपल्या वजनाने ते बर्फावर चांगले दाबले जातात, त्यामुळे निव्वळ नायलॉनची गरज मला तरी पडली नाही. बीपर (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायचं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) यांत ग्रॅम वाचवू नका.

वसंतात लांबच लांब चढ करायचे, उतार कसाही उतरला तरी चालतो, असा तुमचा बेत असेल तर हलका संच घ्या, मी अडवणार नाही. फक्त बाइंडिंग फिरत्या बुरुजाचं नको. गुलमर्गला जायचा विचार असेल तर मधलाच घ्या, किंबहुना कमरेला थोडा आणखी रुंद. तिथे गोंडोला जवळपास चार हजार मीटरपर्यंत नेते, चढ कमी आणि भुसभुशीत बर्फ भरपूर.

दुकानात एक करून बघा. स्वतःचे बूट घालून बाइंडिंगमध्ये उभे राहा, सगळ्यात उंच पट्टी लावा, पूर्ण भार त्या एका टाचेवर द्या आणि गुडघा डावीकडे-उजवीकडे जोरात ढकला. दहा-बारा वेळा. बुरूज जराही हलला, तर दुसरं दाखवायला सांगा.