फ्लाय अ‍ॅश आणि रंगाचं सांडपाणी: कॅल्शियम की तांबं?

सांडपाण्यातला रंग काढायला फ्लाय अ‍ॅश, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची बारीक राख, वापरता येते; तिच्यावर रंग किती चिकटेल, हे पाण्यातले धातूंचे आयनही ठरवतात. कॅल्शियम आणि तांबं दोन्ही द्विधन (दोन धनभार असलेले) आयन, पण वागणं वेगळं.

मिथिलीन ब्लूसारख्या धनभारित रंगाला दोघंही अडथळाच. राखेच्या सिलिका-अ‍ॅल्युमिनावरच्या ऋणभारित जागांसाठी ते रंगाशी स्पर्धा करतात. तांबं त्या जागा जास्त घट्ट धरतं, म्हणून नुकसानही जास्त. ऋणभारित रिअ‍ॅक्टिव्ह रंगांत (सुती कापडाशी रासायनिक बंध करणारे रंग) चित्र उलटतं: कॅल्शियम पृष्ठभागाचा ऋणभार कमी करतं, रंगाला जवळ येऊ देतं. ह्युमिक आम्लासारख्या (कुजलेल्या वनस्पतींतून येणाऱ्या) कार्बोक्सिल, म्हणजे आम्लधर्मी –COOH गट असलेल्या रेणूंशी तांबं कॅल्शियमपेक्षा मजबूत बंध करतं आणि राख व रेणू यांच्यात दुवा बनतं.

मात्र प्रयोगांतले तांब्याचे आकडे जपून वाचा. राख बहुधा अल्कधर्मी असते. सामू (pH) वाढला की तांबं हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतं, रंगही सोबत ओढतं, आणि आपण त्याला अधिशोषण (राखेच्या पृष्ठभागावर चिकटणं) समजतो. सामू स्थिर ठेवलाच पाहिजे.

ऋणभारित रंग काढायला मदत हवी असेल, तर मी कॅल्शियमच निवडेन. चुनायुक्त राख ते स्वतःच पाण्यात सोडते. तांबं मुद्दाम घालणं मला पटत नाही: ते जलचरांना विषारी आहे आणि वापरलेल्या राखेतून पुन्हा झिरपू शकतं.