कॅलिब्रेशनच्या नावाखाली २१,८३० रुपये गेले, लॅबवाल्यांनो सांभाळा

भुसावळला आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणारी संस्था) एन्ट्री लेव्हलसाठी कागद जमवत होतो म्हणून पिपेट (मोजून थेंबभर द्रव सोडायचं साधन), सेंट्रीफ्यूज, फ्रीजचे थर्मामीटर सगळं कॅलिब्रेट, म्हणजे माप बरोबर आहे का ते तपासून, करून घ्यायचं होतं. मोठ्या शहरातली लॅब एवढ्याशा कामाला इकडे यायला तयार नसते, आली तर जाण्यायेण्याचा खर्चच अंगावर येतो. हा कॅलिब्रेशनवाला स्वतःहून आला, सुरतचा. १८,५०० आणि जीएसटी ३,३३०, एकूण २१,८३०. त्यातले १०,००० काम सुरू करायच्या आधी यूपीआयवर घेतले, तेही स्वतःच्या नावावर. फर्मच्या खात्यावर घेत नसेल तर तिथेच दार दाखवा.

सगळ्यात जास्त राग याचा येतो की सहा मायक्रोपिपेट त्याने अर्ध्या तासात उरकल्या आणि त्याच्याजवळ वजनकाटाच नव्हता! पिपेट तपासायची म्हणजे डिस्टिल्ड वॉटर सोडून दर वेळी त्याचं वजन घ्यायचं, १०० मायक्रोलिटरचं साधारण १०० मिलिग्रॅम, एका व्हॉल्यूमला दहा रीडिंग, हे डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करणाऱ्या पोरालाही माहिती. सर्टिफिकेटवर मात्र दहाच्या दहा रीडिंग छापलेल्या आणि रूम टेम्परेचर २२ डिग्री. मे महिना, भुसावळ, बाहेर ४४, आत नुसता कूलर! तो २२ चा आकडा मी डोळ्यांनी वाचला होता भाऊ. पण समोर उपाशीपोटी आलेले पेशंट रांगेत बसलेले असताना कोण आकडे तपासत बसतो? त्यासाठीच तर पैसे मोजले होते ना.

नंतर शुगरचा कंट्रोल, म्हणजे मशीन तपासायला लावतो तो आधीच आकडा माहिती असलेला नमुना, सारखा खाली यायला लागला. पिपेटवर त्याचा 'तपासलं' असा हिरवा स्टिकर होता म्हणून आम्ही रिएजंटला (टेस्टचं केमिकल) दोष देत राहिलो, ६,४०० चे नवे किट आणले. खऱ्या लॅबकडून तपासलं तेव्हा कळलं, १० मायक्रोलिटरची पिपेट ८.९ च सोडत होती. मशीनमध्ये फॅक्टर (रीडिंगवरून शुगर काढायचा गुणक) जुना सेव्ह केलेला, म्हणजे १२६ ची शुगर ११२ दिसणार, माणूस डायबेटिक असून 'डायबेटिस नाही' म्हणून घरी जाणार! त्या दिवसांतल्या पेशंटना फोन करून टेस्ट फुकट परत करून दिल्या.

सर्टिफिकेटवरचा सीसी नंबर (कॅलिब्रेशन लॅबचा मान्यता नंबर) एनएबीएलच्या साइटवर टाका आणि नुसतं नाव बघून थांबू नका, स्कोप, म्हणजे तिला कशाकशाची मान्यता आहे ती यादी, उघडा. याने टाकलेला नंबर दुसऱ्याच राज्यातल्या लॅबचा निघाला आणि तिच्या स्कोपमध्ये पिपेट नाहीतच. जागेवर येऊन करणार असेल तर स्कोपमध्ये 'साइट' लिहिलंय का तेही बघा. यूएलआर नंबर (प्रत्येक सर्टिफिकेटचा वेगळा नंबर) नाही, अनसर्टन्टी (मापात किती फरक असू शकतो तो आकडा) नाही, तर तो कागद रद्दी. जीएसटी नंबरही पोर्टलवर टाकून बघा, याचा कॅन्सल झालेला होता.

आता पोलीस. "सर्टिफिकेट मिळालं ना तुम्हाला, मग फसवणूक कुठे झाली?" असं तोंडावर विचारलं! मग म्हणे सिव्हिल मॅटर आहे, मग म्हणे माणूस सुरतचा, आमच्या हद्दीत नाही. अहो, पैसे भुसावळात घेतले, काम भुसावळात केलं, हद्द कुणाची मग? सायबरवाले म्हणे तुम्ही स्वतः पाठवले, हे आमच्याकडे नाही. एका सरकारी ऑफिसात तर पिपेट म्हणजे काय इथपासून सुरुवात. खोटा कागद बनवून पैसे घेतले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, हे मी प्रिंट काढून नेलं तरी साधा अर्ज घेऊन शिक्का मारून दिला. लेखी पोच मात्र सोडू नका, मी ती घेऊन आता एसपी ऑफिसला तक्रार दिलीय.

त्याचा फोन अजून चालू आहे आणि चोपडा, शहाद्याकडच्या लॅबना तो गाठतोय असं कळतंय. तुमच्याकडे आला तर आधी विचारा, वजनकाटा कुठंय? आणि मला लगेच कळवा.