४३ इंची टीव्ही, काळ्या पट्ट्या आणि रिमोटवरचा ‘झूम’

म्हापसा-मडगावच्या दुकानांत टीव्हीवर जी नमुन्याची चित्रफीत फिरत असते, ती बहुधा १६:९ मापातच (रुंदी १६ तर उंची ९, टीव्हीच्या पडद्याचंच माप) बनवलेली असते. पडदा काठोकाठ भरलेला दिसतो, गिऱ्हाईक खूश. तोच टीव्ही घरी आणून स्कोप सिनेमा, म्हणजे २.३९:१ अशा खूप रुंद मापाचा सिनेमा, लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या, आणि घरातलं कुणीतरी लगेच ‘झूम’ दाबतं.

४३ इंची पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५३.५ सेंमी उंच. २.३९:१ चा सिनेमा त्यावर जेमतेम ४० सेंमी उंचीत बसतो. वर सात सेंमी काळं, खाली सात. झूम केलं की पट्ट्या जातात खऱ्या, पण डाव्या-उजव्या कडा मिळून चित्राचा चौथा हिस्साही जातो. दोन टोकांना उभं राहून बोलणाऱ्या दोघांचं एकेक नाक तेवढं उरतं. सबटायटल्स खालच्या पट्टीत असतील तर तीही गेली. नोव्हेंबरात इफ्फीला (गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) चौकट किंचित कापली तरी कुरकुरणारे रसिक घरी हे निमूट चालवून घेतात, याचं नवल वाटतं.

‘स्ट्रेच’, म्हणजे चित्र आडवं ताणणं, त्याहून वाईट. जुन्या टीव्हीच्या मापाचं, ४:३ चं चित्र त्यात एक तृतीयांशाने रुंद होतं. नायिकेचा चेहरा भाकरीसारखा. जुन्या सिनेमाला बाजूच्या पट्ट्या राहू द्याव्यात. भारतात सिनेमास्कोप (हेच स्कोपचं रुंद चित्र) आला १९५९ साली, ‘कागज के फूल’पासून. त्याआधीचा हिंदी सिनेमा पडदाभर दिसत असेल, तर तो कापलेला किंवा ताणलेला आहे असं खुशाल समजावं.

झूम योग्य ठरतो तो एकाच ठिकाणी: काही जुन्या डीव्हीडींत रुंद चित्र ४:३ च्या चौकटीत पट्ट्यांसकट छापलेलं असतं. तिथे चारही बाजूंना काळं दिसतं आणि झूमने काहीच गमावत नाही. मात्र डीव्हीडीच्या ५७६ आडव्या रेघांपैकी सव्वातीनशेच्या आसपासच खऱ्या चित्राच्या असल्याने ते मऊसर दिसणारच.

सेटिंग करताना आधी सेट-टॉप बॉक्स १६:९ वर आणि चित्राचा आकार ‘ओरिजिनल’वर ठेवावा, मग टीव्हीला हात लावावा. दोन्हीकडे ताणलं की घोळ नेमका कुठे आहे ते सापडत नाही. टीव्हीत ‘जस्ट स्कॅन’, ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ असा पर्याय असतो. तो चालू नसेल तर कडेचं थोडं चित्र गुपचूप कापलं जातं. लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेयरमध्ये ‘ए’ने आकार बदलतो, ‘सी’ने काप, चुकून दाबलं गेलं तर मूळ आकार येईपर्यंत तीच कळ दाबत राहावं.

पट्ट्या खुपतात त्या बरेचदा पॅनेलमुळे, म्हणजे पडद्याच्या प्रकारामुळे. आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी पडद्याचे दोन प्रकार. आयपीएसचा कॉन्ट्रास्ट (पांढरं काळ्याच्या किती पट उजळ, ते) हजाराच्या घरात, व्हीएचा तीन हजार आणि वर. रात्री दिवे मालवले की आयपीएसवरची पट्टी राखाडी दिसते. टीव्हीमागे मंद दिवा लावला तर फरक पडतो.

बातम्या, मालिका, क्रिकेट यांना ४३ इंच पुष्कळ. स्कोप सिनेमे जास्त पाहणाऱ्यांनी ५५ इंच घ्यावा: त्यावर स्कोपचं चित्र ५१ सेंमी उंच येतं, म्हणजे जवळपास ४३ च्या पूर्ण पडद्याइतकं. दुकानात जाताना पेनड्राइव्हवर एक स्कोप सिनेमा न्यावा, अंधारा प्रसंग लावावा, आणि विक्रेत्याला नमुन्याचा भडक रंगांचा ‘व्हिव्हिड’ मोड बंद करायला सांगून मग पट्ट्यांचा रंग पाहावा.