जर्मन इंजिन ऑइल आणि बेळगावची डिझेल स्विफ्ट: वापरानंतरचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच देऊन टाकतो. तेल उत्तम आहे, तक्रार काही नाही, पण माझ्या गाडीसाठी पुन्हा घेणार नाही.

गाडी बीएस-४ काळातली डिझेल स्विफ्ट. आत १.३ लिटरचं मल्टिजेट, म्हणजे मूळ फियाटचं ते इंजिन, जे मारुती, टाटा, फियाट सगळ्यांनीच बसवलं आणि ज्याला लोक ‘राष्ट्रीय डिझेल इंजिन’ म्हणायला लागले. एप्रिल २०२० मध्ये मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, तेव्हापासून आमच्याकडे ही गाडी जपायची असं ठरलंय. माझं फिरणं दोन तऱ्हेचं. रोज टिळकवाडी ते उद्यमबाग, म्हणजे इंजिन धड तापायच्या आत गाडी बंद. आणि अधूनमधून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोवा, नाहीतर वंटमुरी घाटातून निपाणी-कोल्हापूर. आधी चांगलं देशी सिंथेटिक वापरत होतो, लिटरला साडेचारशेच्या आसपास. जर्मनीहून डबाबंद येणारं हे तेल मला जवळपास दुप्पट भावाने पडलं. पावसाळ्याआधी भरलं, आता उसाचा हंगाम संपत आलाय.

मेस्त्रींनी डबा बघूनच विचारलं होतं, “मालक, एवढं भारी तेल कशाला वो? त्याच पैशात दोनदा बदलून देतो की.” तेव्हा मी हसून सोडून दिलं.

पहिले काही दिवस खरंच मजा आली. सकाळचा खडखडाट कमी, गिअर बदलताना इंजिन हलकं वाटायचं. पण हे नव्या तेलाचं कौतुक असतं, नव्या ब्रँडचं नव्हे. देशी तेल बदललं की तेव्हाही असंच वाटायचं, फक्त तेव्हा आपण पैसे कमी दिलेले असतात म्हणून लक्ष देत नाही. अॅव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल मोजलं. आठवड्यात एक गोव्याची फेरी झाली की नाही, एवढ्यावर जो फरक पडतो, त्यापुढे तेलाचा फरक सापडतच नाही.

फरक जाणवला तो चोर्ल्यात. भर पावसात, चार माणसं आणि सामान घेऊन, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर चढताना टर्बोवर, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्यावर, ताण येतो. टर्बोचा दांडा तेलावरच फिरतो आणि तेलानेच थंड होतो. हलक्या प्रतीचं तेल तिथे जळून चिकट कोळसा धरतं. सिंथेटिकचा खरा उपयोग इथे आहे. मात्र देशी सिंथेटिकवरही टर्बोने कधी कुरकुर केली नव्हती, त्यामुळे मी ‘जाणवला’ म्हणतोय तो मनाचा भाग किती हे तुम्हीच ठरवा.

आता डब्यावरच्या आकड्यांबद्दल, कारण पैसे तिथेच वाचतात. ५डब्ल्यू-३० हा तेल किती पातळ-घट्ट आहे त्याचा आकडा. त्यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा (विंटर). ५डब्ल्यू तेल उणे ३० अंशांतही इंजिन फिरू देतं. बेळगावची थंडी कितीही कौतुकाची असली तरी आपल्याला हा गुण कधी लागणार नाही. आपल्या कामाचा आकडा मागचा: ‘३०’ म्हणजे १०० अंशांना तेलाचा घट्टपणा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक. हे दोन्ही डब्यांना सारखंच लागू. त्याहून महत्त्वाचा म्हणजे एसीईए, म्हणजे युरोपातल्या गाडी कंपन्यांच्या संघटनेचा दर्जा. सी३ लिहिलं असेल तर १५० अंशांत, भाग वेगाने घासत असताना, तेलाचा घट्टपणा किमान ३.५ (मिलिपास्कल-सेकंद) राहायलाच हवा. सी२ ला २.९ चालतं. माझ्या जर्मन डब्यावर सी३ होतं, आणि जुन्या देशी डब्यावरही सी३च होतं. बीएस-६ डिझेलवाल्यांनी हे अक्षर जास्तच बघावं, कारण ‘सी’ म्हणजे कमी राखेचं तेल, आणि राख जास्त करणारं तेल डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बुजवतं. माझ्या गाडीत ती भानगड नाही.

‘फुल सिंथेटिक’ या शिक्क्यावर मी आता विसंबत नाही. अमेरिकेत मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती, की हे खनिज तेल शुद्ध करून सिंथेटिक म्हणून विकतात. १९९९ मध्ये तिथल्या जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून हायड्रोक्रॅक केलेलं, म्हणजे हायड्रोजनच्या प्रक्रियेने खूप शुद्ध केलेलं खनिज (‘ग्रुप ३’) तेलही बहुतेक ठिकाणी सिंथेटिक म्हणून चालतं. ते वाईट नसतं, पण दुप्पट भाव कशाचा हे विचारायला हवं. आणि परदेशी नाव म्हणजे परदेशी माल असंही नाही: कॅस्ट्रॉल सिल्वासा आणि पाताळगंगेत भरलं जातं, शेल तळोज्यात.

महाग तेल जास्त चालतं म्हणून शेवटी स्वस्त पडतं, हा दुकानदाराचा आवडता हिशेब. युरोपात ३० हजार किलोमीटरपर्यंत तेल चालवतात हे खरं. आपलं डिझेलही २०२० पासून १० पीपीएम गंधकावर आलंय, आधी ५० होतं, त्यामुळे तेलात आम्ल कमी तयार होतं. पण काजळी आणि न जळलेलं डिझेल तेलात उतरायचं थांबत नाही, आणि माझ्यासारखं तीन-चार किलोमीटर चालवून गाडी बंद करणाऱ्याचं तर जास्तच उतरतं. नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मी पुस्तकातल्या अंतरापुढे जाणार नाही. म्हणजे हा हिशेबही बसला नाही. (तेल लगेच काळं पडलं म्हणून मात्र घाबरू नका, डिझेलमध्ये काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम.)

माझा धंदा हायड्रॉलिकच्या सुट्या भागांचा. आमच्याकडे मशीन मरतं ते तेलाच्या ब्रँडमुळे नाही, घाणीमुळे. म्हणून वाचणारे पैसे मी फिल्टरवर घालतो: ऑइल फिल्टर प्रत्येक वेळी नवा, आणि उन्हाळ्यात लाल धूळ उडायला लागली की एअर फिल्टर वेळेआधीच.

तरी कोणाला घ्यायचंच असेल तर डब्यावर भारतातल्या आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष बघून घ्या. हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नसेल तर कितीही सूट असो, परत ठेवा. आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी कापा, नाहीतर त्यातच कोणीतरी दुसरं भरून विकतं. काढलेलं काळं तेल आमच्याकडे सेंटरिंगवाले मागून नेतात.

एक अडचण कोणी सांगत नाही: डबा ५ लिटरचा, स्विफ्टला लागतं ३ च्या आसपास. उरलेल्या दोन लिटरवर शेजारच्या पोराचा डोळा होता, बुलेटमध्ये घालायला. नाही दिलं. बुलेटचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडालेला असतो, त्याला जेएएसओ एमए, म्हणजे अशा क्लचच्या दुचाकींसाठीच्या जपानी दर्जाचं तेल लागतं. गाडीच्या तेलाने क्लच घसरला तर तो मलाच विचारायला येणार.