रात्रीचं पोर्ट्रेट: दोन फ्लॅश की दोन एलईडी?

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर अंधार पडल्यावर पोर्ट्रेटला एका लाइटने भागत नाही. समोरून चेहरा उजळतो, पण काळे केस मागच्या काळोखात मिसळून जातात. खांद्यामागून दुसरा लाइट हवाच. आता दोन्ही फ्लॅश घ्यायचे की दोन्ही एलईडी?

फ्लॅशची खरी गंमत शटरमध्ये आहे. शटरचा वेळ १/२०० सेकंदावरून १/३० वर आणलात तरी चेहऱ्यावरचा फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो. पाण्यातली दिव्यांची रांग मात्र उजळत जाते. म्हणजे माणूस आणि मागचा देखावा वेगवेगळे हाताळता येतात. तळ्यावरच्या वाऱ्यात उडणारी बटही फ्लॅश अचूक पकडतो. रस्त्याचे दिवे पिवळे असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा, नाहीतर माणूस निळसर आणि मागचं सगळं हळद लावल्यासारखं.

एलईडीत जोर कमी. पॅनेल दुप्पट लांब नेलं की उजेड चौथाईवर येतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, चढवत बसा. पण दिसतं तेच फोटोत येतं. नवरीच्या गळ्यात कोल्हापुरी साज असेल, तर पॅनेल वीतभर सरकवून कुठल्या पदकावर चकाकी येते ते डोळ्यांनीच ठरवता येतं. फ्लॅशला दर वेळी फोटो काढून बघायचं, तोवर नवरी कंटाळते. व्हिडिओवाल्याचंही एलईडीवर भागतं.

रंकाळ्याच्या काठावर मी फ्लॅशच घेईन. भवानी मंडपाच्या आसपास, दागिन्यांचे जवळून फोटो हवे असतील तर एलईडी. वाऱ्यात स्टँडला वजन मात्र दोन्हीकडे बांधा.